दाखला आधी, पुस्तक नंतर

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरमधल्या एका मराठी ख्रिस्ती घरात दर पंधरा दिवसांनी सात-आठ जण जमतात. चर्चची उपासना हिंदीत, घरची भाषा मराठी आणि वाचायला घेतलेली नवी ख्रिस्ती पुस्तकं इंग्रजी, नाहीतर इंग्रजीवरून हिंदीत आलेली. बायबलमधल्या गोष्टींचा आजच्या जगण्याशी काय संबंध, हे शोधायला गट सुरू झाला. पण चर्चा दर वेळी 'प्रेमाने वागा, क्षमा करा, देवावर भरवसा ठेवा' इथेच येऊन थांबते. पुस्तक चुकतंय की पद्धत? आणि पुढचं पुस्तक निवडायचं कसं?

पुस्तक बहुधा ठीक असतं, क्रम चुकतो. बहुतेक गट आधी पुस्तकातलं प्रकरण वाचतात, मग त्यात दिलेला बायबलचा उतारा चाळतात आणि शेवटी 'कुणाला काय वाटलं' असं विचारतात. तोवर लेखकाने गोष्टीतला गुंता सोडवून सुताचा गुंडा हातात ठेवलेला असतो. मग बोलायला उरतं काय? सगळे माना डोलावतात आणि चहा येतो.

क्रम उलटा लावा. बैठक दीड तासाची धरली तर पहिली दहा-बारा मिनिटं उतारा मोठ्याने दोनदा वाचण्यात जाऊ द्या. एकदा मराठीत, एकदा हिंदीत, आणि दोन वेगळ्या माणसांनी. उतारा दहा ते वीस वचनांचा असावा (वचन म्हणजे बायबलमधलं क्रमांक दिलेलं वाक्य). त्याहून लांबला की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. नंतर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. त्या वेळात प्रत्येकाने वहीत तीन अडखळी लिहायच्या. अडखळ म्हणजे गोष्ट जिथे आपल्या अपेक्षेबाहेर वागते, एखादं पात्र विचित्र बोलतं किंवा हवी होती ती माहिती दिलेलीच नसते, ती जागा. 'मला भावलेलं वचन' हा प्रकार या वहीत नको. भावलेलं वचन बहुधा आधीपासून पाठ असलेलंच निघतं आणि चर्चा तिथेच बसकण मारते.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं फक्त अडखळींवर बोला. पुस्तक उघडायचं ते साधारण चाळिसाव्या मिनिटाला, आणि तेव्हाही पूर्ण प्रकरण वाचायचं नाही. तीनशे शब्दांचं पान मोठ्याने वाचायला अडीच मिनिटं लागतात. बारा पानांचं प्रकरण अर्धा तास खातं आणि कापली जाते ती नेमकी शेवटची, 'इथे, इंदुरात, याचं काय' ही चर्चा. म्हणून प्रकरण घरून वाचून यावं आणि बैठकीत त्यातली दोन-तीन पानंच घ्यावीत. शेवटची वीस मिनिटं राखण्यासाठी घड्याळ एकाच्या हाती द्या. गटातल्या सर्वांत बोलक्या माणसाकडे दिलं तर एका दगडात दोन पक्षी.

हे कसं होतं ते द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यावर, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेवर, पाहू (मत्तय 20:1–16). गोष्ट सगळ्यांना माहीत असते: मालक पहाटेपासून संध्याकाळपर्यंत मजूर लावतो आणि शेवटी सगळ्यांना सारखाच एक दीनार देतो. तरी नीट शोधल्या तर या गोष्टीत तीन चांगल्या अडखळी सापडतात. मालकाकडे कारभारी आहे, आठव्या वचनात तो दिसतो; तरी बाजारात मालक स्वतः पाच वेळा का जातो? मजुरी वाटताना सुरुवात शेवटच्यांपासून का? पहिल्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावलं असतं तर तक्रार उठलीच नसती, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला ती तक्रार हवी आहे. आणि तिसरी, अकराव्या तासाला, म्हणजे आपल्या हिशेबाने संध्याकाळी पाचला, बाजारात उभे असलेले लोक दिवसभर कुठे होते?

इथे वेळेचा हिशेब एकदा कागदावर मांडा. दिवस सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतो. तिसरा तास म्हणजे नऊ, सहावा बारा, नववा तीन आणि अकरावा पाच. सहाला काम संपतं. शेवटच्यांनी काम केलं एक तास.

आता आपला मजूर चौक आठवा. सकाळी सात-आठला नुसती दाटी असते: रंगाऱ्याच्या हातात ब्रश, गवंड्याच्या पिशवीत थापी, सायकलच्या हँडलला डबा. ठेकेदाराची गाडी थांबते, दोन-चार धडधाकट माणसं उचलते आणि निघून जाते. अकराला तिथे कोण उरतं? वय झालेला, हाताला लागलेला, कडेवर मूल असलेली बाई, परवाच गावाकडून आलेला आणि कुणा ठेकेदाराच्या ओळखीचा नसलेला. गटातला पहिला शेरा बहुधा 'उशिरा आलेले आळशी असतील' असा येतो. तो आला की सातवं वचन पुन्हा वाचायला लावा. 'आम्हाला कोणी कामावर लावलं नाही,' एवढंच त्यांचं उत्तर आहे आणि मालक त्यावर शंका घेत नाही.

दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, घराचं एका दिवसाचं जेवण. तासाच्या हिशेबाने बारावा भाग दिला असता तर त्या रात्री चूल पेटली नसती. 'संध्याकाळ झाल्यावर' मजुरी वाटली, हे शब्दही नुसते देखाव्यासाठी नाहीत: मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी असा नियमच आहे (बायबलच्या जुन्या करारातली पुस्तकं: अनुवाद 24:15, लेवीय 19:13). मराठी गट एवढं स्वतःच्या बळावर शोधू शकतो. त्याला ना ग्रीक लागतं, ना पुस्तक.

आता पुस्तक उघडा. या दाखल्यावर समकालीन लेखक ढोबळमानाने दोन बाजूंना उभे दिसतील. एका बाजूला मालक म्हणजे देव आणि दीनार म्हणजे कृपा. त्यांचा आधार मागच्याच अध्यायात आहे, तिथे येशूचा शिष्य पेत्र विचारतो, 'आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार?' (19:27). दुसऱ्या बाजूचे लेखक मालकाला इतक्या सहज देव मानायला तयार नाहीत. मजुरी एकटा ठरवणारा आणि 'माझ्या पैशाचं मी हवं ते करीन' म्हणणारा जमीनदार कष्टकऱ्यांच्या कानांना कसा लागला असेल, असं ते विचारतात. दोघांनाही एकेक जाब विचारायचा. पहिल्यांना: मग गोष्ट मजुरीचीच का, दुसऱ्या कशाची का नाही? दुसऱ्यांना: पहिल्या वचनातल्या 'स्वर्गाचे राज्य' या शब्दांचं काय केलंत? ज्या लेखकाने या जाबाला उत्तर द्यायचा प्रयत्न केला आहे, त्याचं पुस्तक ठेवा, मत पटो न पटो. आमचा कल पहिल्या बाजूला आहे, पण कृपेच्या नादात मजुरी विसरणाऱ्यांकडे नाही. तिसराही एक अर्थ अधूनमधून डोकं वर काढतो: पहिले मजूर म्हणजे यहुदी आणि शेवटचे म्हणजे आपण. तो सरळ बाजूला ठेवा. सांगणारा यहुदी, ऐकणारे यहुदी, आणि त्या अर्थाने पुढे शतकानुशतकं विष कालवलं आहे.

दुसरा दाखला विधवेचा आणि न्यायाधीशाचा (लूक 18:1–8): न्याय मिळेपर्यंत ती त्याच्याकडे खेटे घालत राहते. हा इंदूरच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागू नये. इथली हुकुमचंद कापड मिल 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी सुमारे 224 कोटींचा धनादेश निघाला तो 25 डिसेंबर 2023 रोजी, नाताळच्या दिवशी. लाभ होणार होता सुमारे 4,800 कामगारांना. तीस वर्षांत कितीतरी मूळ कामगार गेले आणि त्यांच्या मागे खेटे घातले ते घरच्यांनी. त्या घरातली बाई हा दाखला ऐकेल तेव्हा 'चिकाटीने प्रार्थना करा' एवढाच अर्थ तिला पुरेल का?

पुरणार नाही, आणि त्याचं कारण मजकुरातच आहे. या आठ वचनांत 'न्याय मिळवून देणे' या अर्थाचा ग्रीक शब्द चार वेळा येतो: तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि आठव्या वचनात. पेन्सिलीने खुणा करा, मराठीतही दिसतील. पाचव्या वचनात न्यायाधीश म्हणतो की ही बाई मला 'त्रासून सोडील'. मूळ शब्द मुष्टियुद्धातला आहे, डोळ्याखाली ठोसा मारणे. पौल तोच शब्द स्वतःच्या शरीराबद्दल वापरतो (1 करिंथ 9:27). भाषांतरात ठोसा मवाळ होतो आणि बाई रडवी होते. मूळ बाई रडवी नाही.

पण उलट बाजूची चूकही इथेच होते. दाखल्याला न्यायाची गोष्ट म्हणून हातात घेतलं की काही पुस्तकं पहिलं वचन गिळून टाकतात, आणि तिथे तर लूक स्वतः सांगतो की दाखला प्रार्थनेविषयी आहे. तेव्हा 'प्रार्थना की न्याय' असं पुस्तक विचारू लागलं तर गटाने म्हणावं, दोन्ही शब्द एकाच उताऱ्यात आहेत, आता दोन्ही धरून बोला. आणखी एक सावधगिरी: मिलची गोष्ट आणि विधवेची गोष्ट एक नव्हे. 'विधवा म्हणजे कामगार, न्यायाधीश म्हणजे सरकार, देव म्हणजे धनादेश' अशी जोडाजोडी सुरू झाली की थांबवा. दाखल्यातला न्यायाधीश देवासारखा आहे असं येशू म्हणतच नाही. एवढा नालायक माणूसही शेवटी न्याय देतो, तर देव किती अधिक, असा युक्तिवाद आहे. स्थानिक प्रसंग दाखल्याशेजारी ठेवायचा, त्यावर डकवायचा नाही.

पैशांबद्दल एक स्वतंत्र सूचना. बायबलच्या गोष्टींतल्या रकमांचा हिशेब मांडल्याशिवाय अर्ध्या गोष्टी कळतच नाहीत, आणि भाषांतरांत नाणी बदलतात. एका आवृत्तीत दीनार, तर दुसरीत चक्क रुपये. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एक तालंत म्हणजे सुमारे 6,000 दीनार. आता निर्दय चाकराचा दाखला घ्या (मत्तय 18:23–35). त्याचं स्वतःचं देणं, राजाने माफ केलेलं, 10,000 तालंत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. सोबतच्या चाकराकडून त्याला येणं होतं, आणि ते त्याने सोडलं नाही, 100 दीनार, साधारण चार महिन्यांची मजुरी. रोज 500 रुपये धरून बघा: एकीकडे तीन हजार कोटी, दुसरीकडे पन्नास हजार. योसेफस हा पहिल्या शतकातला इतिहासकार लिहितो की येशूच्या काळातला तिथला राज्यकर्ता हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला 200 तालंत महसूल मिळे. म्हणजे चाकराने बुडवलेली रक्कम त्या मुलखाचा पन्नास वर्षांचा महसूल आहे. ऐकणारे हसले असणार. आणि पन्नास हजार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे, हेही इथे लक्षात येतं. दुसऱ्याने केलेलं नुकसान खरं असतं. दाखला ते शून्य धरत नाही.

याच ठिकाणी क्षमेवरच्या नव्या पुस्तकांबद्दल जपून राहायला हवं. हा विषय खपतो, आणि त्यातली बरीच पुस्तकं 'सत्तर वेळा सात क्षमा करा' एवढं घेऊन धावतात. पण तोच अठरावा अध्याय पंधराव्या ते सतराव्या वचनांत आधी सांगतो की अपराध करणाऱ्याला एकांतात जाब विचारा, ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार न्या, तरीही नाही तर मंडळीसमोर ठेवा. क्षमेचा दाखला त्यानंतर येतो. गटात घरी मार खाणारी एखादी बाई असेल, आणि सात-आठ जणांच्या गटात ती असू शकते, तर दाखला अर्धा सांगणं म्हणजे तिला परत त्याच घरात ढकलणं. तिला आधी सुरक्षित जागा लागते, ओळखीचं कुणी आणि महिला हेल्पलाइनचा 181 हा क्रमांक लागतो. क्षमेची चर्चा तिच्या गतीने, तिने काढली तर.

क्षमा आणि न्याय एकत्र नांदू शकतात याचं उदाहरण शोधायला इंग्रजी पुस्तकात जायची गरज नाही. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात भूमिहीन आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये हत्या झाली. मारेकऱ्यावर खटला चालला, तो तुरुंगात गेला. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात राणी मारियांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आलं. यात कोर्टही आहे आणि राखीही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायासोबत हे ठेवा आणि गटाला विचारा, दोन्हींतलं एक काढलं तर काय उरतं.

आता पुस्तक निवडण्याविषयी. दुकानात किंवा कुणाच्या कपाटासमोर पंधरा मिनिटं मिळाली तर ओळखीच्या एका गोष्टीवरचं प्रकरण काढा. चांगल्या शोमरोन्याचं (शोमरोनी म्हणजे यहुदी ज्यांना दूर ठेवत ते शेजारचे लोक) काढलं तर उत्तम, कारण ते जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतं आणि तिथे बनवाबनवी पटकन दिसते (लूक 10:25–37). याजक आणि लेवी (मंदिरात याजकांच्या हाताखाली सेवा करणारा) रस्त्यात लुटलेल्या जखमीला सोडून का गेले? पुष्कळ पुस्तकं बिनदिक्कत लिहितात की प्रेताला शिवल्याने ते अशुद्ध झाले असते आणि मंदिरातली सेवा चुकली असती. आता मजकूर बघा. याजक यरुशलेमेहून यरीहोकडे 'खाली जात' होता, म्हणजे मंदिराकडे पाठ करून. प्रेताला न शिवण्याचा तो विशेष नियम याजकांसाठी होता (लेवीय 21:1–4), लेव्यांना तो तसा लागू नव्हता. आणि यहुदी परंपरेत बेवारस प्रेताला मूठमाती देणं इतकं मोठं कर्तव्य होतं की मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहाप्रमाणे महायाजकानेही त्यासाठी अशुद्ध व्हावं. शिवाय माणूस मेलेला नव्हता, अर्धमेला होता. लूक कारण देतच नाही. 'कर्मठ यहुदी धर्म विरुद्ध प्रेमळ येशू' अशी सोपी जोडी लावायची असली की लेखक हे कारण भरतो. ज्या पुस्तकात हे प्रकरण नीट लिहिलंय, त्याची बाकीची प्रकरणंही सहसा विश्वास ठेवण्याजोगी असतात.

याच गोष्टीत आणखी एक कसोटी आहे. आधुनिक रूप देताना पुस्तक 'शोमरोनी' कुणाला करतं? पुष्कळदा रस्त्यावर पडलेला गरीब हा दलित किंवा परधर्मीय होतो आणि मदत करणारा आपल्यातला सज्जन. ही गोष्ट उलटी झाली. ज्याच्या हातचं पाणी ऐकणाऱ्यांना चाललं नसतं, तो मदत करतो. खाईत पडलेले आपण आहोत. येशूला प्रश्न करणाऱ्या शास्त्र्याने विचारलं होतं 'माझा शेजारी कोण', येशू परत विचारतो 'शेजारी कोण ठरला'. शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्दही निघत नाही, तो म्हणतो, 'ज्याने दया केली तो.' ही अडखळ गटाने शोधली नाही तर मुद्दाम दाखवा. मग आपल्या कॉलनीत तो शब्द कुणाच्या नावाला अडतो, ते ज्याने त्याने वहीत लिहावं. मोठ्याने सांगायची सक्ती नको. आणि आजचा अर्थ केवळ मनातला नसतो, याचा एक रोख पुरावाही देता येतो: मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 134-अ अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि कायद्याच्या इंग्रजी मजकुरात त्या माणसाला नावच 'गुड समॅरिटन' आहे. इथल्या ए.बी. रोडवर अपघात बघून गाडी न थांबवणाऱ्यांना आपल्यावरच काही शेकेल अशी जी भीती असते, तिच्यावर हे कलम थेट बोट ठेवतं.

बाकीच्या तपासण्या झटपट उरकता येतात. पुस्तकाच्या शेवटी वचनांची सूची आहे का? एका प्रकरणात बायबलचा उतारा सलग दिला आहे की सतरा पुस्तकांतून एकेक ओळ उचलली आहे? लेखकाच्या आयुष्यातल्या किश्श्यांनी निम्म्याहून जास्त पानं भरली आहेत का? भरली असतील तर ते आत्मचरित्र म्हणून वाचा, हरकत नाही. गोष्टीला खुंटी करून त्यावर स्वतःचा अंगरखा टांगणारे लेखक याच तपासणीत उघडे पडतात. पुस्तक दीडशे-दोनशे पानांचं, आठ-दहा प्रकरणांचं असावं. पंधरा दिवसांना एक प्रकरण म्हटलं तर चार-पाच महिन्यांत संपतं. याहून लांबलं की पावसाळा, लग्नं, परीक्षा यांत गट विस्कटतो. रोज एक पान असलेली मननाची पुस्तकं एकट्याने वाचायला चांगली, गटाला नाहीत. त्यांत एकच वचन असतं आणि मागचं-पुढचं कापलेलं असतं. बायबलच्या गोष्टींवरच्या कादंबऱ्या मात्र जरूर घ्या, पण वाचताना लेखकाने घातलेल्या गोष्टींखाली वेगळ्या रंगाची रेघ मारा. सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की मग्दालाच्या मरियेविषयीचं अमुक वाक्य शुभवर्तमानातलं आहे की कादंबरीतलं.

हिंदी पुस्तकं वाचणाऱ्या मराठी गटाला एक खास खड्डा असतो, आणि इंदुरात तर तो घरोघरी आहे. शब्द तोच, अर्थ वेगळा. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिकवण, मराठीत दंड. 'परमेश्वर अपने लोगों को शिक्षा देता है' हे वाक्य आजीला ऐकवा आणि तिचा चेहरा बघा. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत टवाळी. सर्वांत मोठा खड्डा 'संसार'. योहानाच्या पहिल्या पत्रात 'जगावर प्रीती करू नका' असं वचन आहे (2:15); हिंदीत तिथे 'संसार' आहे. मराठी बाईच्या कानात संसार म्हणजे नवरा, मुलं, डबे, किराणा. तिला वाटतं, देव म्हणतो घरावर माया करू नकोस. यावरून अपराधीपणा बाळगणारी माणसं असतात आणि ती कुणाला विचारत नाहीत. उपाय साधा आहे: हिंदी पुस्तकातलं प्रत्येक वचन मराठी बायबलमधून वाचायचं आणि असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर गोळा करायचे. वीस-पंचवीस सहज निघतील.

इंग्रजी पुस्तकांतला खड्डा वेगळा. तिथे उदाहरणं एकट्या माणसाची असतात: त्याची नोकरी, त्याचा ताण, त्याचा निर्णय. आपल्याकडे निर्णय घरात होतात. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत (लूक 15) धाकटा बापाच्या हयातीत वाटणी मागतो. इंग्रजी पुस्तकाला हे समजावून सांगायला दोन पानं लागतात, मराठी माणसाला 'वाटणी' हा एक शब्द पुरतो. सातबारा, खातेफोड, भाऊबंदकी माहीत असलेल्याला सगळं उधळून परतलेल्या मुलाकडे बाप धावत का गेला हेही लवकर कळतं: गावाने मुलाला गाठण्याआधी त्याला गाठायचं होतं. केनेथ बेली हे अभ्यासक अनेक दशकं मध्यपूर्वेत राहून शिकवत होते. त्यांनी तिथल्या खेड्यातल्या मानापमानाच्या नजरेने हा दाखला वाचला, आणि बापाच्या धावण्याचा हा अर्थ मुख्यतः त्यांच्यामुळे पसरला. मजकुरात तो लिहिलेला नाही, हे ध्यानात ठेवून वापरा. मोठ्या भावाने पुढे काय केलं, हेही मजकुरात नाही. तो अंगणातच उभा राहतो. वाटणीवरून बोलणं तुटलेलं एखादं घर गटात असतंच, म्हणून या बैठकीला शेवटी वीसऐवजी तीस मिनिटं ठेवा.

गोष्ट आपल्या मातीत रुजवणं हे नवं खूळ आहे असं म्हणत कुणी ज्येष्ठ विरोध करू लागले, तर तसं नाही हे सांगायला हरकत नाही. बायबलची गोष्ट मराठीत सांगणारं फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण 1616 सालचं आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये छापून झालं, आणि ते बायकांना, कमी शिकलेल्यांना कळावं असा त्यांचा आग्रह होता.

सुरुवात कुठून करायची? दाखल्यांपासून नको; ते फार ओळखीचे असतात आणि अडखळी लवकर सापडत नाहीत. बायबलमधल्या रूथ या पुस्तकापासून करा. चार अध्याय, चार बैठका. परदेशी विधवा सून, सासूचं कडू बोलणं, दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर उरलेली कणसं, वेचणं. गव्हाची कापणी झाल्यावर माळव्यात ही बैठक घेतली तर सरवा हा शब्द शहरी मुलांना दाखवताही येईल. दुसऱ्या अध्यायाच्या सतराव्या वचनात रूथने दिवसभरात वेचलेलं सातू भरलं एक एफा, म्हणजे सुमारे बावीस लिटर, बारा-तेरा किलो. वजन हातात घेऊन बघा. एका बाईने ते उन्हात वेचलं, झोडपलं आणि डोक्यावर घरी नेलं. सरवा शेतात सोडणं हा मालकाचा दानधर्म नव्हता, नियम होता (लेवीय 19:9–10), आणि शेताचा मालक बवाज नियमापेक्षा जास्त सोडायला सांगतो. तिसऱ्या अध्यायात रूथ रात्री बवाजाकडे खळ्यावर जाते, त्यावर पुस्तकं एकतर गप्प बसतात किंवा प्रेमकथा रंगवतात. दोन्ही टाळा. ज्या बाईकडे ना जमीन ना माणूस, तिच्याकडे कोणते मार्ग उरतात, इतकंच विचारा.

त्यानंतर योना घ्या. तोही चार अध्यायांचा, जेमतेम 48 वचनं. माशाविषयीचे प्रश्न पहिल्याच बैठकीत येऊ द्या आणि संपवा. मजकुरात 'मोठा मासा' आहे, देवमासा नाही, आणि त्याला मिळून तीन वचनं आहेत. बाकी सगळं पुस्तक एका रागावलेल्या माणसाचं आहे. शत्रूच्या शहराला देवाने माफ केलं म्हणून तो रागावला आहे, आणि सावलीचं झाड वाळलं म्हणून त्याहून जास्त. चौथा अध्याय देवाच्या प्रश्नावर संपतो: एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या निनवेची मी कीव करू नये काय? योनाचं उत्तर दिलेलं नाही. त्या बैठकीला पुस्तक घरीच ठेवून यायला सांगा.